आईच्या चुलीला धुराडं

सोमवारी सकाळी आई गेली. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, गॅसवरची भाकरी ताटात तशीच ठेवू लागले. त्यांना आईच्या चुलीवरची हवी होती. थापायची तयारीही त्यांचीच. पण त्यांची छाती कमजोर. धुरापासून लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आईपाठोपाठ तेही जातील, ही भीती मला सोडत नव्हती. चूल मोडायला सांगण्याचं धाडसही होत नव्हतं.

शेवटी कोल्हारहून गवंडी बोलावला. त्याने चुलीच्या मागच्या अंगाला भोक पाडून लोखंडी पाइप जोडला. छपराची लाकडं पाइपापासून चांगली लांब राहतील अशी जागा बघितली, पाइप आढ्याच्याही वर नेला आणि वर पावसासाठी टोपी बसवली. काजळी काढायला खाली एक लहान झाकण ठेवलं. माती वाळेपर्यंत पेटवू नका, असं सांगून जाताना तो म्हणाला, "अण्णा, साखर कारखान्यासारखं धुराडं तर झालं. आता ऊस कधी आणू गाळायला?" अण्णा बऱ्याच दिवसांनी हसले.

काही आठवडे घरात धूर नव्हता. मग एका रविवारी मी शहरातून घरी गेलो, तर दारातच डोळे चुरचुरले. अण्णा खोकत भाकरी थापत होते. मी जळती लाकडं बाहेर काढून विझवली, खिडक्या उघडल्या. चूल गार झाल्यावर झाकण शोधलं, ते सापडेना. आई रोज सकाळी चूल शेणामातीने सारवायची. तिच्यामागे अण्णांनी त्यात खंड पडू दिला नव्हता. थरावर थर चढून झाकण बुजलं होतं आणि आत काजळीने पाइप कोंदला होता.

"तिची चूल बिनसारवलेली कशी ठिवू?" ते म्हणाले.

"अण्णा, तुम्हाला काही झालं, तर ती सारवणार कोण?"

अण्णा उलथनं घेऊन झाकणाभोवतीची माती स्वतःच खरवडू लागले. पाइपातून घमेलंभर काजळी निघाली.

आता अण्णा तेवढं झाकण सोडून चूल सारवतात. पाइप मी झाडतो. त्यांचा खोकला पुरता गेलेला नाही, पण घरात धूर नाही.