मिशी आल्यावर पुन्हा प्रयत्न करा

आईच्या दहाव्याला काकांनी माझा फोन बुडवला. मुद्दाम नव्हे, पण बुडवला तो अगदी मन लावून. वळसंगला, गावाबाहेर भाऊबंदांच्या विहिरीवर विधी चालला होता. न्हाव्याने आधी माझं डोकं भादरलं, मग कॉलेजपासून जपलेली मिशी दोन फटक्यांत उतरवली. फोन ओला होऊ नये म्हणून मी तो कोरड्या पंच्यात गुंडाळून पंपाच्या कट्ट्यावर ठेवला होता. भटजींनी ओलं वस्त्र मागितलं. काकांना तो कोरडा पंचा दिसला, पुतण्या विसरला असं वाटलं, आणि त्यांनी तो उचलून हौदात बुचकळला. नीट पिळता येईना तेव्हा म्हणाले, "आरं, ह्यात काय दगूड बांधलाय व्हय?"

घरी आल्यावर बायकांनी फोन तांदळाच्या डब्यात खुपसला. त्या दिवशी आमच्याकडे तांदूळ दोघांना लागला, आईच्या पिंडाला आणि माझ्या फोनला. पिंडाला कावळा शिवला. फोन मात्र उठला नाही.

सोलापूरला परतल्यावर नवा फोन घेतला. नंबर तोच राहिला, फोटो परत आले, ऑफिसचा ग्रुपही आला, जो नसता आला तरी चाललं असतं. अडलं फक्त एक खातं. लोक जिथे रील बघतात आणि एकमेकांच्या जेवणाचे फोटो टाकतात, ते. त्याला मी दोन कुलपं लावली होती. एक पासवर्डचं, दुसरं दर अर्ध्या मिनिटाला बदलणाऱ्या आकड्यांचं. एका चुलतभावाचं खातं चोरीला गेलं होतं आणि स्वतः दुचाकीचे हप्ते थकवलेला तो गडी रातोरात सगळ्या नातेवाइकांना श्रीमंत व्हायचे सल्ले द्यायला लागला होता. तेव्हा घाबरून मी दुसरं कुलूप बसवलं. आकडे दाखवणारं अ‍ॅप बुडालेल्या फोनमध्ये. अडीअडचणीसाठी काही कोड लिहून ठेवा, असं त्या वेळी विचारलं होतं. मी "नंतर" दाबलं होतं.

खातं गेलं तर खुशाल जावो, असं एरवी म्हटलं असतं. त्यात माझं होतं तरी काय? हुरडा पार्टीचे चार फोटो आणि टोपी घातलेला मी. पण त्यात आईने पाठवलेली रील होती, आणि त्यातलं शेवटचं मी बघितलेलं नव्हतं.

आईला लिहायचा कंटाळा. तिला काही सांगायचं असलं की ती रील पाठवायची. मी दोन दिवस फोन केला नाही की आईबापांना विसरलेल्या मुलावर एका बाबांचं प्रवचन यायचं. लोणचं संपत आलं असेल असं वाटलं की कैरीचं रील. बायकोचं आणि माझं वाजलंय असा तिला वास लागला की नवरा-बायकोने कसं राहावं, हे दोन पोपटांकडून. रोज आठ-दहा यायची. मी सगळी बघत नव्हतो आणि त्याबद्दल मला अपराधी वगैरेही वाटत नाही. ऑफिसमध्ये बसून पोपट कोण बघेल?

शेवटचं रील तिने दवाखान्यातून पाठवलं. दम लागला म्हणून तिला वळसंगहून सोलापूरला आणून दाखल केलं होतं. मी खाली मेडिकलच्या रांगेत उभा असताना फोन वाजला: आईने रील पाठवलं आहे. मला इतकं बरं वाटलं की मी ते उघडलंच नाही. रील पाठवतेय म्हणजे ठणठणीत आहे, असं मी बायकोला फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. त्यानंतर घरात माणसं, मग वळसंग, मग विहीर.

मग आईच्याच फोनवर बघ ना, असं तुम्ही म्हणाल. सगळे हेच म्हणाले. आईचा फोन तिच्या बोटाने उघडायचा. बोट आता कुठून आणणार? शिवाय आकड्यांची एक पिनही होती, ती तिने कुणालाच सांगितली नव्हती. या बाबतीत ती बँकेपेक्षा कडक होती. बाजारातला दुरुस्तीवाला म्हणाला, उघडून देतो, पण आतलं सगळं पुसून जाईल. तिचं खातं भाचीने कुठल्याशा मेलवर काढून दिलं होतं आणि तो मेल आता भाचीलाही आठवेना. म्हणजे आईचा निरोप दोन फोनांत होता. एक तिच्या बोटाबरोबर गेला होता, एक काकांनी पिळला होता.

राहिला एकच रस्ता. कंपनीला पटवून द्यायचं की मी मीच आहे. त्यासाठी कॅमेऱ्यासमोर बसून डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, मान वर करायची. मशीन तो चेहरा खात्यातल्या जुन्या फोटोंशी ताडून बघतं. जुन्या फोटोंत भरघोस केस आणि झुपकेदार मिशी. कॅमेऱ्यासमोर उकडलेला बटाटा. निकाल आला: आम्ही आपली ओळख पटवू शकलो नाही, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. आणि त्याखाली, आपला अनुभव कसा होता, पाचपैकी किती चांदण्या द्याल?

माझं डोकं फिरलं, कारण त्या दिवसांत अख्ख्या सोलापुरात मला ओळखलं नाही असं फक्त ते मशीनच होतं. आमच्याकडे गोटा केलेला माणूस दिसला की लोक आधी त्याच्या मिशीकडे बघतात. मिशी असेल तर तिरुपतीला जाऊन आला, नसेल तर घरातलं कुणी तरी गेलं. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर तेलुगू कुटुंब आहे, विणकरांचं. तिथल्या काकूंनी जिन्यात मला मागून पाहिलं आणि आनंदाने हाक मारली, "बालाजीला जाऊन आलात? लाडू कुठंय आमचा?" मी वळलो. त्यांनी ओठाच्या वर बघितलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली. "आई की वडील?" एवढंच विचारलं. भाजीवाल्याने तर काही न विचारता कोथिंबीर जास्त घातली. इकडे हे मशीन, माझे इतक्या वर्षांचे फोटो पोटात घेऊन बसलेलं, मला म्हणत होतं की आपण कोण?

अप्पा तेव्हा आमच्याकडेच होते. माझे वडील. तेरावं झाल्यावर मी त्यांना वळसंगहून इकडे आणलं, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जिथे चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येतं आणि गप्पा मारायला कुणी येत नाही. ते रोज पिशवी भरून दाराशी ठेवायचे आणि म्हणायचे, "मी जातो. हितं माजं मन रमंना." माझी बायको रोज ती पिशवी उचलून आत ठेवायची. "मामा, तिथं एकटे खाणार काय?" जन्मात त्यांनी चुलीवर पाणीसुद्धा ठेवलं नव्हतं. आईच्या हातचं मात्र एकही जेवण त्यांनी नाव न ठेवता खाल्लं नव्हतं. आमटी पांचट, भाकरी जाड, चटणीत शेंगदाण्याचं कूट कमी. आता बायको जे वाढेल ते मुकाट खायचे. बायको मला म्हणाली, "नावं ठेवत नाहीत, मला भीती वाटते." मलाही वाटत होती.

रील म्हणजे काय हे अप्पांना नीट कळत नव्हतं. त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा, त्यावर फक्त बोलता येतं. त्यांच्या लेखी आईने शेवटी मला काहीतरी सांगून ठेवलं होतं आणि मी ते अजून ऐकलं नव्हतं. रोज चहा घेताना विचारायचे, "उगडलं का रं? काय म्हनत हुती ती?" मी म्हणायचो, मिशी आली की कळेल. हे ऐकून अप्पा कंपनीच्या मालकाला जे म्हणायचे ते छापता येणार नाही.

मिशी येईपर्यंत धीर धरवेना. एका दुपारी बायकोने काजळ घेतलं आणि माझ्या ओठावर मिशी रंगवली. ती शिक्षिका, शाळेच्या गॅदरिंगला पोरं रंगवायची तिला सवय आहे, मिशी झकास वठली. वरून तिने तिचा काळा दुपट्टा माझ्या डोक्याला केसांसारखा गुंडाळला. मी मोबाइलसमोर मान डावीकडे, उजवीकडे, वर अशी फिरवत होतो, तेवढ्यात दारातून काका आत आले. अप्पांची विचारपूस करायला खास वळसंगहून आले होते. आई जाऊन महिना झाला नव्हता आणि तिचा मुलगा काजळाची मिशी लावून मोबाइलसमोर मान डोलावत होता. काका फार चिडले की कन्नडमध्ये बोलतात. त्यांचं बोलून झाल्यावर मी एवढंच म्हणालो की फोन कुणी बुडवला ते आठवा. मग तेही माझ्याशेजारी येऊन बसले आणि मान अजून जरा वर कर म्हणाले. मशीनने ओळख पटवली नाही. काजळ खोबरेल तेलाने निघालं.

मग मी तो नाद सोडला आणि मिशी वाढवू लागलो. कंपनीचं शेवटचं पत्र आलं होतं की फार वेळा प्रयत्न झाल्यास खातं कायमचं बंद करू, त्यामुळे वाट बघण्याशिवाय इलाज नव्हता. मला खरंच धास्ती वाटायची. आईचं शेवटचं काहीतरी कुठल्याशा कपाटात पडलंय आणि कपाटवाला माझं तोंड माझ्यासारखं दिसत नाही म्हणून ते टाकून देणार, असं रोज वाटायचं. ऑफिसात लोक म्हणायचे, चेहरा भरत चाललाय. मी आरशात फक्त ओठ बघायचो. काय असेल त्या रीलमध्ये? मुलाने कसं वागावं, असं काही असेल. आईचा आशीर्वाद वगैरे, मागे बासरी वाजतेय असं. मी मनात तयारीसुद्धा करून ठेवली होती रडायची.

मिशी बऱ्यापैकी आली, डोक्यावरही ब्रशइतके केस उभे राहिले, तेव्हा एका रविवारी मी पुन्हा बसलो. डावीकडे, उजवीकडे, वर. बराच वेळ काहीतरी गोल गोल फिरलं. आणि खातं उघडलं. मी अप्पांना हाक मारली, बायको हात पुसत आली.

आईचं नाव वरच होतं. मी रील चालू केलं. वसतिगृहाच्या खोलीतला एक पोरगा, मागे दोरीवर चड्ड्या वाळत घातलेल्या. एकाच शेगडीवर तो पिठलं करत होता. "एकट्या माणसासाठी पिठलं, पाच मिनिटांत," असं ओरडून सांगत होता. एक कांदा, दोन मिरच्या, लसूण, मूठभर बेसन, मीठ चवीनुसार. मग त्याने कढईतच चमचा घालून खाल्लं आणि अंगठा दाखवला. संपलं.

मला पहिल्यांदा रागच आला. मी मिशी वाढवली, काजळ लावलं, मशीनसमोर माकडचेष्टा केल्या, आणि निरोप माझ्यासाठी नव्हताच. तो अप्पांचा होता. अप्पांच्या फोनवर रील जात नाही म्हणून माझ्याकडे ठेवला होता, इतकंच. आईला आपण वाचणार नाही हे कळलं होतं. अप्पा शहरात राहणार नाहीत हेही तिला कळलं होतं, आणि दवाखान्याच्या खाटेवर ती एकट्या माणसाचं पिठलं शोधत होती. मला रडू आलं ते तेव्हा, बासरीशिवाय.

अप्पा फोनच्या अगदी जवळ वाकले होते. "परत लाव," म्हणाले. मी लावलं. "परत लाव." तिसऱ्यांदा बघून झाल्यावर ते सरळ बसले आणि म्हणाले, "पिटलं आसं करत्यात व्हय? लसून जाळला की त्यानं." बायकोने माझ्याकडे बघितलं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि थोड्या वेळाने त्यांच्या पिशवीत बेसनाचा डबा घालून पिशवी पुन्हा दाराशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना वळसंगच्या एसटीत बसवून दिलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. मागे कुकरचं झाकण पडल्याचा आवाज झाला, एक शिवी आली, मग म्हणाले, "आरं, लई गुटळ्या झाल्या. इचार की तिला..." आणि थांबले. मग ते म्हणाले, "बरं, ठेवतो," आणि फोन ठेवला.

मी खातं उघडलं. आईच्या त्या रीलखाली टाइप केलं, "अप्पांच्या पिठल्यात गुठळ्या झाल्यात, काय करायचं?" आणि पाठवून दिलं.