तरण्याला वाजवत नेत नाहीत

राजारामकाकांचा हात लवकर उठायचा. नागपूरहून न्यू ऑर्लिन्सला आलेला हा केमिकल इंजिनियर रिफायनरीत दिवसभर साहेबापुढे मान डोलवायचा, आणि घरी पोराचा, देवांगचा, लांब पितळी ट्रॉम्बोन ऐकला की त्याचं टाळकं फिरायचं. एकदा देवांगला त्यानं इतकं मारलं की मी कुंपण ओलांडून मध्ये पडले. मी त्यांची शेजारीण, आणि खरं सांगते, मला हा माणूस सहन होत नसे. शेवटी देवांग घर सोडून गेला. बापानं त्याला बँडमध्ये वाजवताना कधी पाहिलंच नाही.

मग या वसंतात गाडी चोरायला आलेल्या कुणीतरी देवांगच्या छातीत गोळी घातली.

त्याच्या बँडचा म्होरक्या एल्डन, सत्तरीचा काळा ट्रम्पेटवाला, दारात आला. देवांगला आम्ही वाजवत निरोप देऊ, म्हणाला. काकांनी साफ नकार दिला. त्यांच्या वडिलांना टाळ-मृदंगाच्या गजरात, गुलाल उधळत नेलं होतं, पण ते नातवंडं-पतवंडं पाहून गेले होते. तरण्याला वाजवत नेत नाहीत, ती विटंबना होते. देवांगचीच तशी इच्छा होती, असं एल्डननं सांगितल्यावर काका कसेबसे नरमले. अट एकच, संथ वाजवायचं.

वाजवलंही संथच. शववाहिकेमागे काका देवांगचा ट्रॉम्बोन छातीशी धरून चालले. कधी नव्हे ते रडले, आणि मलाही त्यांची कीव आली.

कोपऱ्यावर शववाहिका शवदाहिनीकडे वळली. आम्ही मागून गाडीनं जाणार होतो. इथला रिवाज असा की मृताचा निरोप घेऊन झाला, की बँड नाचरी धून धरतो. ड्रम कडाडला, एल्डननं ट्रम्पेट उचलला, लोक छत्र्या उघडून नाचायला लागले. काकांना दिसलं ते एवढंच, की त्यांच्या पोराच्या मरणावर माणसं नाचताहेत.

त्यांनी ट्रॉम्बोन दोन्ही हातांनी फिरवला. ट्रम्पेट एल्डनच्या ओठांवर होता, तो तसाच तोंडात घुसला. दात रस्त्यावर पडले, शर्ट रक्तानं भिजला. काकांनी दुसरा घाव खांद्यावर घातला, तेवढ्यात ड्रमवाल्यानं त्यांना ठोसा लगावून खाली पाडलं.

मिरवणुकीसोबतचा सिक्युरिटी गार्ड धावत आला. मारणारा समोर पडलेला, हातात वाकडा ट्रॉम्बोन. पण गार्डनं धरलं काळ्या एल्डनला. त्याला डांबरावर पालथा पाडला, पाठीत गुडघा रोवला आणि मानेला पिस्तूल लावलं. एल्डन हलला असता तर त्या दिवशी आणखी एक मुडदा पडला असता. काका गप्प राहिले असते तर त्यांचं काहीच बिघडणार नव्हतं.

काका गुडघ्यांवर उठले. "आय हिट हिम," ते म्हणाले. "मी मारलंय. त्याला सोड."

गार्डला खरं वाटेना. काकांनी हात पुढे केले, बेड्या घाल म्हणाले. मग कुठे तो गुडघा उठला. एल्डननं तक्रार करायला नकार दिला. रस्त्याच्या कडेला तोंडाशी रुमाल धरून बसला, आणि काका त्याच्यासमोर उकिडवे बसले. आमच्याकडे फक्त म्हाताऱ्याला वाजवत नेतात, म्हणून मला ते पाहवलं नाही, एवढंच काका म्हणाले.

एल्डननं रक्त थुंकलं. "आम्ही म्हातारं होण्याची वाट पाहिली असती, तर हे संगीत जन्मलंच नसतं. माझ्या आजोबांच्या भावाला गोऱ्यांनी झाडाला टांगलं होतं. एकोणीस वर्षांचा होता. त्याला काय मुकाट्यानं पुरायचा?"



एल्डनचे ओठ शिवले, पण ट्रम्पेट पुन्हा पूर्वीसारखा वाजला नाही. मागच्या महिन्यात गोळीबारात मेलेल्या एका शाळकरी मुलीची मिरवणूक निघाली. एल्डन पुढे नुसताच चालत होता. सगळ्यात मागे राजारामकाका होते, नागपूरचे टाळ घेऊन. कोपऱ्यावर धून बदलली तेव्हा त्यांचे हात थांबले. एल्डननं मागे वळून पाहिलं. मग काकांनी टाळ वाजवायला सुरुवात केली, आणि नाचताना ते देवांगचं नाव घेत होते.