परसातला शेवटचा माणूस

बाळांनो, हे तुमच्या आईलाही ठाऊक नाही. दामूआजोबा मला देवमाणूस मानायचे, हे तुम्ही ऐकलं आहे. का मानायचे — ते कुणी विचारलंच नाही.

दामू माझा धाकटा दीर, कर्जतच्या इंजिन शेडमध्ये फिटर. बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. वर्षभर तो बोललाच नाही. मग शेडमागे फेकलेलं लोखंड घरी आणू लागला. साहेबाने तोंडी हो म्हटलं होतं. कागद नव्हता — हे मला माहीत होतं. ब्रेकचे तुकडे, स्प्रिंगा, फुटका कंदील. त्यातून परसात एक माणूस उभा राहिला. पुरुषभर उंच, अंगावर जळका पत्रा, एका डोळ्याच्या जागी भोक. काखेत त्याच्या बायकोचा पोचे पडलेला हंडा.

शेजारीण हसायची, "दामू, हा कोण रं? तुझा सासरा?"

"सगळं जळून गेल्यावं एकटा उरंल ना, तो हाय."

मला कळत नव्हतं का? इतकं इंग्रजी वाचलेली मी! कळत होतं. पण लाज वाटायची. दसऱ्याला तुमच्या आईला बघायला पाहुणे येणार होते. घरात वेडाची झाक आहे असं त्यांना वाटलं तर? आदल्या दिवशी, दामू ड्युटीवर असताना, मी भंगारवाल्याला बोलावलं. हंडासुद्धा दिला. बदल्यात स्टीलचा डबा घेतला.

संध्याकाळी तो झेंडूची माळ घेऊन आला. खंडेनवमी होती — त्या दिवशी आपण लोखंड पुजतो. रिकाम्या जागेकडे बघत राहिला. आणि मी घाबरून बोलून गेले — नाही, सकाळीच ठरवून ठेवलं होतं — "भावोजी, रेल्वेचे पोलीस चौकशीला आले होते. तुमची नोकरी जाऊ नये म्हणून मीच ते काढून टाकलं."

त्याने माळ खाली ठेवली आणि माझ्या पाया पडला. "वैनी, तुमी होता म्हणून वाचलो."

पाहुणे ओटीवर बसले, चहा प्यायले, लग्न ठरवून गेले. परसात कुणी डोकावलंही नाही.

दामूने पुन्हा काही घडवलं नाही. रस्त्यात खाकी दिसली की आतल्या खोलीत जाऊन बसायचा — निवृत्त झाल्यावरही. दर दसऱ्याला आपट्याचं पान आधी मला द्यायचा, वाकायचा. मी वाकू दिलं. तो मरेपर्यंत.

तुम्ही येता तेव्हा मी ज्यातून चकल्या काढून देते, तो डबा तोच.