मी बाबांची मोटरसायकल सुधारली

बाबांच्या मोटरसायकलमध्ये काहीही बिघाड नव्हता, म्हणूनच मी ती दुरुस्त करायला घेतली.

नव्वदीची सुरुवात असावी. आम्ही नुकतेच नवीन पनवेलला राहायला आलो होतो. मी बावीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला आणि नोकरी नसलेला. म्हणजे दुसऱ्याची गाडी सुधारायला लागते ती सगळी पात्रता अंगी होती. मुंबईला जाऊन मी मोकळ्या घशाचा सायलेन्सर आणला. मूळचा डबाबंद एअर फिल्टर काढून त्या जागी शंकूसारखा उघडा फिल्टर लावला, आणि तो लोकांना दिसावा म्हणून डाव्या बाजूचं झाकणही काढून माळ्यावर टाकलं. (न दिसणाऱ्या सुधारणेला अर्थ काय!)

पहिल्याच किकला तिन्ही मजल्यांवरचे लोक गॅलरीत आले. आवाज आला तसा वेग मात्र गेला. इंजिनाला हवा आणि पेट्रोल ठरलेल्या प्रमाणात लागतं. मी हवेला दार सताड उघडून दिलं होतं आणि पेट्रोल होतं तेवढंच ठेवलं होतं. त्यामुळे गाडी चार पावलं जायची, उचक्या द्यायची आणि धाडकन बार काढून बंद पडायची. हल्लीच्या गाड्यांना फ्युएल इंजेक्शन असतं, लॅपटॉप जोडला की सगळं जुळतं म्हणे. आमच्या वेळी इंजेक्शन फक्त दवाखान्यात मिळायचं. गाडीला होता कार्बोरेटर आणि त्याचा एक स्क्रू. तो मी दीड महिना पिळत बसलो होतो. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, मग डोळे मिटून ऐकायचं. "कान लागतो त्याला," असं मी शेजाऱ्यांना सांगायचो. बाबा खिडकीतून रोज एवढंच म्हणायचे, "आधी चालत होती."

या सुधारणेपायी गणपतीत सुमीचं माहेरपण बुडालं. सुमी माझी धाकटी बहीण, त्याच वर्षी लग्न होऊन पळस्प्याच्या पुढच्या एका गावात गेलेली. तिला आणायला निघालेला मी अर्ध्या वाटेवरून गाडी ढकलत परत आलो, आणि ती बिचारी भरलेली पिशवी घेऊन दिवेलागणीपर्यंत ओट्यावर बसून राहिली. नंतर तिच्या सासूबाईंचा निरोप आला : दसऱ्याला या, जेवून दुपारी तीनच्या आत निघा, नाहीतर मग दिवाळीलाच बघू. सोबत सुमीची चिठ्ठी होती. "दादा, एसटीने ये." ही ओळ मला फार लागली. एसटीने जाणं म्हणजे हार मानणं, आणि तेही अख्ख्या सेक्टरसमोर.

दसऱ्याला सकाळी आईने गाडीची पूजा केली. झेंडूचा हार तिने भलताच लांब ओवला होता. हँडलला घालून उरला तो तिने डाव्या बाजूला, माझ्या त्या उघड्या फिल्टरवरच तीन वेढे देऊन घट्ट बांधला. "हे असं उघडंवाघडं बरं दिसत नाही," म्हणाली. मी किक मारली, आणि काय सांगू, गाडी लोण्यासारखी चालू झाली! उचकी नाही, बार नाही. आदल्या संध्याकाळी मी स्क्रूला पाव फेरा दिला होता. त्याचंच हे फळ, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पळस्प्यापर्यंत मी मोठ्याने गात गेलो.

मावशींनी, म्हणजे सुमीच्या सासूबाईंनी, आग्रहाने जेवायला वाढलं. पानावर बसून मी त्यांना ट्युनिंग म्हणजे काय ते बारकाईने समजावलं. त्याच वेळी अंगणात त्यांची शेळीही जेवत होती, हे मला बाहेर आल्यावर कळलं. गाडीवर हाराचा नुसता दोरा लोंबत होता. मी तिकडे दुर्लक्ष केलं, सुमीची पिशवी अडकवली आणि किक मारली.

असा बार निघाला की शेळी कुंपणावरून पलीकडे गेली. मी स्क्रूड्रायव्हर काढला. पाव फेरा, अर्धा फेरा, मग मोजणंच सोडलं. अर्धं गाव भोवती जमलं, सूचना येऊ लागल्या, आणि घड्याळात तीन वाजायला आले.

"पावनं, ही गारी काय जायाची नाय," मावशी म्हणाल्या. "सुमन दिवालीलाच येल आता."

सुमीचे डोळे भरून आले, आणि मला माझ्या कानांची, डिप्लोम्याची मनापासून लाज वाटली. पदराने डोळे पुसून ती गाडीपाशी आली.

"दादा, सकाळी हिच्यावर काय होतं, जे आता नाही?"

"हार होता. त्याचा काय संबंध? हे शास्त्र आहे."

तिने सासूकडे पाहिलं, दाराचं झेंडूचं तोरण काढलं आणि फिल्टरवर गुंडाळलं. मी तिची समजूत काढायची म्हणून किक मारली. गाडी चालू झाली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला : हाराने अर्धी हवा अडवली होती, दीड महिन्यात स्क्रूला जमलं नाही ते झेंडूने जमवलं होतं. हे मी मावशींना सांगायला लागलो, पण त्यांनी आधीच हात जोडले होते. "देवाचा हार हाय. चालनारच."

तोरण हारापेक्षा आखूड होतं, ते सारखं घसरायचं. म्हणून सुमी मागे डाव्या बाजूला पाय सोडून बसली आणि पायाची टाच तिने तोरणावर दाबून धरली. चढ आला की मी ओरडायचो, "दाब!" उतार आला की, "सोड जरा!" बघता बघता तिचा पाय असा बसला की मला सांगावंही लागेना.

आम्ही पोचलो तेव्हा सगळी बिल्डिंग सोनं वाटायला खाली उतरली होती. आई धावत आली. बाबांनी मान कलती करून इंजिन ऐकलं आणि दीड महिन्यात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. "आता बरी चालतेय. कोणी केली?"

"मीच," मी चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणालो. "कान लागतो त्याला."

सुमीने शांतपणे टाच उचलली. त्यानंतर जो बार निघाला, तो ऐकायला मात्र कोणालाच वेगळा कान लागला नाही.