वाळूत मांडलेलं चपलांचं दुकान

समुद्राच्या वाळूत चपला कोणी घालत नाही, हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं. तोवर मी कोल्हापुरात भूगोल शिकवत होतो.

त्या काळी मे महिन्यात अर्धं कोल्हापूर एसटीनं मालवणला जायचं. मी ठरवलं, आपणही जायचं आणि सोबत कोल्हापुरी चपलांचं पोतं न्यायचं. पाहुणे येतात त्या गावात काहीही खपतं, असा माझा सिद्धांत. बायको म्हणाली, "मला न्हाय पटत." मी पोतं टपावर चढवलं.

मालवणात आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या काकू सुट्टीत सगळ्या खोल्या पाहुण्यांना देऊन स्वतः पडवीत झोपायच्या. त्यांचा दीर पाहुण्यांना होडीतून फिरवायचा, जाऊ सोलकढी विकायची, सासरे शहाळी सोलायचे. दोन महिन्यांत वर्षाची बेगमी. फक्त चपलांचीच काय ती उणीव होती.

मी किनाऱ्यावर पथारी मांडली. पहिल्या गिऱ्हाइकानं चप्पल उलटसुलट करून पाहिली.

"पावणं, गाव कुठलं?"

"कोल्हापूर."

"आमीबी तिथलंच की. आमालाच कोल्हापुरी दावतायसा व्हय?" असं म्हणून तो आपल्या चपला काखेत मारून पाण्यात गेला.

संध्याकाळपर्यंत सगळे असेच आले, कोल्हापूरचे आणि अनवाणी. मग भरती आली. (भरती-ओहोटी मी सातवीला शिकवतो.) माल भरायला पोतं सापडेपर्यंत अर्धा माल तरंगायला लागला होता. बायको गुडघाभर पाण्यात चपला वेचत होती आणि हसत होती.

ओलं कातडं काकूंच्या अंगणात वाळत घातलं. त्याच्या वासापुढे शेजारी वाळणाऱ्या सुक्या बांगड्यांचा वास कुणाला येईना.

"मास्तरांनू, रेवेत चपला कोण घालता?" काकू म्हणाल्या आणि बायकोकडे वळल्या. "तुका तांबडो रस्सो येता मा गो? चार दिसांत पावण्यांक माशांचो कंटाळो येता."

दुसऱ्या दिवशी बायकोचा रस्सा उकळला आणि अंगणात कोल्हापूरकरांची रांग लागली. दीर होडीतली माणसं थेट पानावर आणून बसवू लागला. काकूंनी बायकोला भागीदार केलं, मला बादली दिली. आमचा मुक्काम आठवडाभर वाढला.

शेवटच्या पंगतीत आमचे हेडमास्तर निघाले. मी खाली मान घालून पांढरा रस्सा वाढला. त्यांनी वाटी रिकामी करून पुन्हा पुढे केली.

"मास्तर, वर्गात तुम्हाला एवढं चपळ कधी बघितलं न्हाय."

त्या जूनपासून शाळेच्या प्रत्येक समारंभात पंगतीचं काम माझ्याकडे आहे. बायकोला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावतात.