सीता खाई

आमच्या प्रकाशा गावाहून तोरणमाळ काही फार लांब नाही. शहाद्याला बस बदलली की सातपुडा समोर येतो. पण आमच्या घरून निघायला कारण लागतं. आई आजवर बसमध्ये बसली ती लग्नाला, मयताला नाहीतर देवाला. मला मात्र डबा हातात देऊन रोज कॉलेजच्या बसमध्ये तिनेच बसवलं, म्हणून मी घरातली पहिली पदवीधर. कॉलेजच्या सहलीत ते पठार पाहिलं तेव्हापासून मनात होतं, आईने एकदा हे पाहावं. नुसतं पाहावं.

“पठार म्हंजे?” दादांनी (वडिलांनी) विचारलं.

“डोंगरावरची सपाट जमीन.”

“सपाटी दखाले (पाहायला) डोंगर चढानं? आपलं वावर काय उभं शे का?”

आई हसली आणि भाकरी थापू लागली. म्हणजे नकार. तरी मी शाळेतल्या मराठीत बेत सांगतच राहिले, “आधी यशवंत तलाव, मग मंदिर, दुपारी सीताखाई.”

आईचा हात थांबला. “सीता खाई? ती बी ई ऱ्हायनी (येतेय) का?”

सीतामावशी म्हणजे आईची शहाद्याची मामेबहीण. जेवणाच्या पंगतीत तिचा हात कोणी धरत नाही. आणि आमच्या अहिराणीत ‘खाई’ म्हणजे ‘खाईल’. ही खाई म्हणजे खोल दरी, हे मी समजावेपर्यंत आईने फोन लावलासुद्धा. “सीते, दुपारले तू खाशी ना वं?”

या प्रश्नाला मावशीने आयुष्यात नाही म्हटलेलं नाही.

आईला कारण मिळालं. सीता खाणार, म्हणजे करून न्यायला हवं! कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी, भरीत, ठेचा. बोचकं (गाठोडं) एवढं झालं, की कंडक्टर म्हणाला, “मावशी, याचं तिकीट?”

“मांडीवर लेसू (घेईन) त्याले,” आई म्हणाली.

शहाद्याला मावशी चढली. चढताच विचारलं, “भरीत कोठे शे?” पुढचा सगळा घाट तिने डोळे मिटून, बोचक्यावर हात ठेवून पार केला.

वर गार वारा होता. दरीच्या तोंडाशी पाटी दिसली. चौथी शिकलेल्या मावशीने ती अक्षर-अक्षर लावून वाचली, “सी-ता-खा-ई. माय वं! सरकारले बी मालूम शे!” आणि ती तिथेच मांडी घालून बसली.

आईने बोचकं सोडलं, मावशीसाठी भाकरी घेऊन ती उठली आणि तिची नजर खाली गेली. हिरव्या कड्यांच्या मधे नुसतं धुकं.

“इतली मोठी जागा,” ती हळूच म्हणाली, “आन आठे (इथे) आपलं काहीच काम नई!”

तेवढ्यात भाकरी हातातून निसटली आणि चाकासारखी घरंगळत दरीत गेली.

“मन्ही भाकर!” मावशी ओरडली. “खाईनी खाई टाकी!”

आई इतकी हसली, की पदर तोंडात धरून खाली बसली. तिला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

संध्याकाळी परतलो तर शेजारच्या काकू ओट्यावरच होत्या. “कोठे गयथी (गेली होतीस) वं? कोन वारनं (वारलं)?”

आईने रिकामं बोचकं झटकलं. आता सीतामावशीचं नाव येणार, असं मला वाटलं.

“कोनीच नई. दखाले गयथू.”

“काय दखाले?”

आईने दारातल्या दादांकडे पाहिलं.

“सपाटी,” ती म्हणाली.