धर्मपालची निःशब्द गाडी

वणीत राहणाऱ्या माणसाला शांतता ही वस्तू वर्णनावरूनच ठाऊक असते. खाणींकडून येणारे कोळशाचे ट्रक पहाटेपासून रस्त्याने धावत असतात, आणि प्रत्येक ट्रकाबरोबर घराघरांतली तावदाने, फडताळातल्या कपबशा, भिंतीवरच्या तसबिरी आपापला एकेक शब्द बोलून घेतात. याच रस्त्याला लागून धर्मपालचे घर आहे. तो माझा विद्यार्थी. आठवीत मी त्याला जी सुभाषिते शिकवली ती तो सारी विसरला. मात्र ती म्हणताना माझा आवाज कोणत्या अक्षरावर घोगरा होत असे, ते त्याला अजून आठवते.

खाणीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून छत्तीस वर्षे काढून तो निवृत्त झाला, पण त्याचा खरा व्यासंग आवाजाचा. जुने ॲम्प्लिफायर उघडावेत, सागवानी फळ्यांचे खोके करून त्यांत स्पीकर बसवावेत आणि मग डोळे मिटून ऐकत राहावे. या छंदाचे लोक स्वतःला हाय-फायवाले म्हणवतात. गायक समोर बसून गातो आहे असे वाटावे, मध्ये यंत्र आहे याचा विसर पडावा, एवढीच त्यांची आकांक्षा. आणि ती किती दुर्घट आहे हे त्या वाटेने गेल्याखेरीज कळत नाही. यंत्राने इतके निर्मळ व्हावे की ते उरूच नये! मला यात वैराग्याचीच एक जात दिसते.

ट्रकांच्या शेजारात हे साधणार कसे? म्हणून त्याने आपली श्रवणाची खोली चाकांवर नेली. त्याच्याकडे वीस वर्षांची एक पांढरी व्हॅन आहे. तिच्यात बसून तो मारेगावच्या पुढे सागाच्या रानात जातो, इंजिन बंद करतो, काचा चढवतो आणि कॅसेट लावतो. परंतु वीस वर्षांच्या व्हॅनचे सगळेच सांधे बोलके झालेले असतात. सूर जरा चढला की दाराचा पत्रा शहारतो, मागचे आसन कण्हते. धर्मपालने एकेका आवाजाचा माग काढून त्याला गप्प केले होते: कुठे रबर, कुठे डांबराची पट्टी, आणि दारांच्या पोकळीत सरकी काढलेला कापूस, ठासून. त्याची पत्नी चंदाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे की या घरात गादी पातळ होत चालली आहे आणि गाडी जाड. चौकातल्या मंडळींनीही त्याला सोडले नव्हते. “धर्मपालभाऊ, गाडी चालवाची असते, ऐकाची नसते,” असे कोणीतरी म्हणे, आणि तो हसून पुढे जाई.

हे वापरायचे वाहन. ध्यानातले वाहन वेगळे होते. कापसाच्या जिनिंग गिरणीचे मालक भगवानराव यांच्या आवारात गडद निळ्या रंगाची एक जुनी मर्सिडीज उभी असते. परदेशातून परतलेल्या एका डॉक्टरकडून भगवानरावांच्या वडिलांनी ती घेतली होती. तिच्यातला कॅसेट प्लेअर दुरुस्त करण्यासाठी धर्मपालला बोलावले, तेव्हा तो पहिल्यांदा तिच्यात बसला आणि त्याने दार ओढून घेतले. त्या क्षणाविषयी तो माझ्याशी बोलला ते एकदाच. बाहेर जिनिंगची यंत्रे घरघरत होती. दार लागले, आणि जणू कोणी जगावर झाकण ठेवले. स्वतःचा श्वास त्याने त्या दिवशी प्रथम ऐकला. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी तो वायरिंग पाहण्याच्या निमित्ताने जात असे, दार लावून घेई, चार क्षण बसे आणि उतरे. ती चालवून पाहण्याची इच्छा त्याने कधी बोलून दाखवली नाही. लोक स्वप्नातल्या गाडीचा वेग सांगतात. धर्मपाल तिच्या दाराचा ध्वनी सांगे.

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी एक कॅसेट होती.

धर्मपालची आई सत्यभामा निरक्षर होती. छप्पन साली, विशीतली असताना, ती नागपूरला दीक्षेसाठी पायी गेली होती, आणि त्या वाटचालीवर तिने स्वतःच एक दीर्घ गाणे रचले होते: कुठे पाणी मिळाले, कुठे पायात काटा मोडला, कोणत्या गावच्या बाईने भाकर दिली. एक्याऐंशी साली, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या धर्मपालने मालकाच्या परवानगीने एका दुपारपुरता टेपरेकॉर्डर घरी आणला आणि ते गाणे टिपून घेतले. सत्यभामा पुढे नऊ वर्षांनी गेली. तिचा आवाज जगात उरला तो त्या एका फितीवर. फीत झिजू नये म्हणून तो ती वर्षातून एकदा, तिच्या स्मृतिदिनी, तेवढी लावत असे.

त्याची थोरली बहीण शकुबाई, दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबला दिलेली. पंचाहत्तरीला टेकलेली ही बाई उजव्या कानाने कधीच बहिरी झाली होती. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितले की डावा कानही वर्षभरात जाईल, आणि तो यंत्र लावूनही राहायचा नाही. तिने फोनवर भावाला एकच मागणे मागितले. कान शाबूत आहे तोवर मायचा आवाज एकदा ऐकव.

धर्मपालने त्याच दिवशी निघायला हवे होते. पण तो हाय-फायवाला. बहिणीला आईचा आवाज शेवटचा ऐकवायचा, तर तो निष्कलंक असला पाहिजे, असे त्याने मनाशी धरले. त्याने एकदा व्हॅनमध्ये कॅसेट लावून पाहिली, आणि सत्यभामेच्या स्वरामागे कुठेतरी एक ‘टक्’ ऐकू आला. थोड्या वेळाने आणखी एक, जरा मंद.

घरी हा आवाज त्याने पूर्वीही ऐकला होता, तेव्हा दोष तावदानांना दिला होता. आता त्याने तो दाराला दिला. दुसऱ्या कॅसेटी लावल्या तर तो आवाज येत नसे. यावर त्याने मला एक उपपत्ती सांगितली, आणि ती मलाही पटली, हे नमूद केले पाहिजे. सतारीच्या तरफेच्या तारा जशा विशिष्ट सुरालाच झंकारतात, तसा मायच्या आवाजाला या गाडीतला कोणता तरी एक पत्रा जागा होतो, असे तो म्हणाला. तर्क शुद्ध होता. ज्या फितीवर आईचा आवाज आहे तिच्यातच काही खोट असेल, ही शंका मात्र त्या शुद्ध तर्काच्या जवळपासही फिरकली नाही. श्रद्धेचा हा स्वभावच आहे; ती सगळे जग तपासते, एक गाभारा सोडून.

श्रावणात जायचे ठरले होते, ते भाद्रपदावर गेले, भाद्रपदातले दसऱ्यावर. दर वेळी दाराचा पत्रा खोलून आणखी कापूस भरला जाई, आणि दर वेळी तो ‘टक्’ शिल्लक राही. शकुबाईचा फोन येई, पण आता तिला धर्मपालचे अर्धेच शब्द कळत. तिसऱ्यांदा बेत लांबला तेव्हा चंदाबाईने त्याला माझ्यादेखत ऐकवले की शकुबाईंचा कान काही तुमच्या पत्र्यासाठी थांबणार नाही. दुसऱ्या दिवशी तो भगवानरावांकडे गेला, आणि तीस वर्षांत न मागितलेली गोष्ट त्याने मागितली.

भगवानरावांनी किल्ली त्याच्या हातात दिली. एवढी वर्षे हा माणूस दार लावून काय करत बसतो याचे कोडे आपल्याला होतेच, असे ते म्हणाले, आणि गड्याला टाकी भरून ठेवायला सांगितली.

कार्तिकातल्या एका सकाळी आम्ही निघालो. दुसरे कान म्हणून त्याने मला मागे बसवले होते. मारेगाव, करंजी मागे पडले. दोन्ही बाजूंना कापूस पांढरा झाला होता, वेचणाऱ्या बायका ओळीने वाकल्या होत्या, आणि काचेबाहेरचे ते सारे जग मूकपटासारखे सरकत होते. चार तासांच्या वाटेत धर्मपालने काही लावले नाही. तो शांतता ऐकत होता. यवतमाळ ओलांडल्यावर एकदा एवढेच म्हणाला, “सर, रस्ता नाहीच वाटत खाली.” त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होते त्याला आनंद म्हणणे अपुरे ठरेल. ज्याचे दीर्घकाळ चिंतन केले ते समोर आल्यावर माणूस जसा संकोचतो, तसा तो संकोचला होता.

बोरी अरबला शकुबाई अंगणात तयार बसलेली होती, धुतलेले लुगडे नेसून. गाडीकडे पाहून तिने विचारले, “कोनाची आणली रे?” उत्तर तिला ऐकू गेले नाही, तिने ते पुन्हा मागितलेही नाही. आम्ही अडाण नदीच्या कडेला, बाभळींच्या सावलीत गाडी नेली. धर्मपालने बहिणीला पुढच्या आसनावर अशी बसवली की तिचा डावा कान स्पीकरकडे यावा. इंजिन बंद केले. फीत वाचणारे हेड स्पिरिटने पुसून प्लेअरमध्ये कॅसेट चढवली आणि दार ओढून घेतले.

सत्यभामा गाऊ लागली.

मी आयुष्यभर शब्दांची उपासना केली. तो आवाज मात्र शब्दांत मावणारा नाही. जाडसर, भुईसारखा, किंचित फाटलेला. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका खोलीतली हवा त्याच्याबरोबर गाडीत आली. शकुबाईने डोळे मिटले. दुसरे कडवे सुरू झाले, नागपूरच्या वाटेवरच्या पहिल्या मुक्कामाचे, आणि त्या अभेद्य निःशब्दतेत, आरशासारखा स्वच्छ, ऐकू आला: टक्. आणि मागोमाग मंद: टक्.

धर्मपालचा चेहरा उतरला. या गाडीत हलणारा पत्रा नव्हता. दोष देण्यासारखे जगात आता काही उरले नव्हते. उरली होती ती फीत. त्याचा हात बटणाकडे गेला. शकुबाईने तो मध्येच धरला.

“बंद कायले करतं? बोंडं आयकू दे.”

त्याला समजले नाही. तेव्हा मिटल्या डोळ्यांनी, गाण्याच्या मधल्या विरामांत, तिने ते सांगितले. माघाचा महिना होता. ती माहेरी आलेली. झाडावर न उललेली शेवटची बोंडे तोडून घरी आणली होती, आणि मायलेकी दोघी ती हाताने फोडून कापूस काढत बसल्या होत्या. धर्मपालने टेपरेकॉर्डर मांडला, बोंडांची पाटी दूर सारली, दोघींना हात मांडीवर ठेवून बसायला बजावले, बटण दाबले, आणि कोंबड्या नि पोरे दाराशी येऊ नयेत म्हणून स्वतः बाहेर पहाऱ्याला उभा राहिला. दार बाहेरून ओढून घेऊन.

“तू गेला तशी मायनं पाटी वढली,” शकुबाई म्हणाली. “म्हने, रिकाम्या हातानं गानं येते काय? तुले सांगतलं नाही. तू रागावला असता.”

फितीवर पुन्हा तो आवाज आला. शकुबाईने भावाच्या तळहातावर बोट टेकवले. “हे मायचं.” दुसरा, मंद आवाज येताच पुन्हा टेकवले. “आन् हे माहं. माह्या बोटात मायएवढा जोर नव्हता तवा.”

गाणे पुढे चालले, काटा मोडला, भाकर मिळाली, आणि प्रत्येक ‘टक्’ला शकुबाईचे बोट धर्मपालच्या तळहातावर टेकत राहिले, कधी जोराने, कधी हलके. जो आवाज घालवण्यासाठी या माणसाने गाडीच्या दारांत कापूस ठासला, तो कापसाचाच आवाज होता. कष्टणाऱ्या दोन स्त्रियांचे हात त्या दुपारी जसे चालले, तसे तो ते आज ऐकत होता, आणि ज्या खोलीचे दार त्याने स्वतःच बाहेरून ओढून घेतले होते तिथे तो पंचेचाळीस वर्षांनी जाऊन बसला होता. यंत्र उरूच नये, गायक समोर असावा, हीच ना त्याची आकांक्षा? मी मागच्या आसनावर हात जोडले, ते कोणाला, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

संध्याकाळी मर्सिडीज भगवानरावांच्या आवारात परत उभी राहिली. आणखी दोन दिवस ठेव, असे ते म्हणाले. धर्मपालने नको म्हटले, आणि निघताना दार एकदा उघडून पुन्हा लावले. त्या गाडीचे ध्यान सुटले असे मी म्हणणार नाही. तो अजूनही जातो, चार क्षण बसतो.

पण बोरी अरबला तो त्या दिवसापासून दर रविवारी गेला, आपल्याच व्हॅनने. शकुबाईचा डावा कान पौषात गेला. त्यानंतरच्या रविवारीही तो गेला, आणि माघातल्या एका सकाळी मी बरोबर होतो. नदीकाठी तीच बाभूळ. शकुबाई पुढे बसली. येताना तिने पदरात थोडी न उललेली बोंडे आणली होती. धर्मपालने कॅसेट लावली. तिला आता काहीच ऐकू येत नव्हते. तिने एक हात दारावर ठेवला, जिथे आत कापूस भरलेला होता, मायच्या आवाजाने पत्रा थरारला तो तिला कळला असावा. मग तिने तो हात काढला आणि पदरातले बोंड फोडले.

पाठोपाठ फितीवरचे एक फुटले. तिची वयस्क बोटे नेमकी कोणत्या स्मरणाने चालत होती कोण जाणे, पण आईचा ‘टक्’ आणि तिचा ‘टक्’ यांमधले अंतर ती सोडत नव्हती. त्यातच सूर चढला आणि व्हॅनचे मागचे आसनही कण्हले. धर्मपालचा हात स्टिअरिंगवर स्वस्थ होता. इतक्या वर्षांत प्रथमच, कोणता आवाज कुठून आला हे तो शोधत नव्हता.